मध्यवर्ती सत्ता गेली, विश्वासाचे काय?

ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमधील दूरध्वनी, मोबाईल आणि इंटरनेट शासनाने एका फटक्यात बंद केले. वेगवान मोबाईल इंटरनेट सर्वत्र पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडावे लागले. अशा दडपशाहीवर आपल्यातील काही मित्र एक रामबाण उपाय सुचवितात. मनोरा नको, कंपनी नको. फोनने शेजारच्या फोनला निरोप द्यावा आणि तो हातोहात मुक्कामी पोहोचावा. केंद्रच नसेल तर सरकार बंद काय करणार?

युक्तिवाद आकर्षक आहे, परंतु अपुरा आहे. अशा जाळ्यात प्रत्येक फोन टपालवाला असतो. त्यातील एकाने ‘जवळचा मार्ग माझ्याकडूनच जातो’ अशी खोटी ग्वाही दिली, की सारे निरोप त्याच्याकडे वळतात आणि तो ते गिळून टाकतो. तंत्रज्ञ यास कृष्णविवर हल्ला म्हणतात. एकच यंत्र शंभर बनावट नावे धारण करून बहुमताचा देखावाही उभा करू शकते. बोगस मतदार पाहिलेल्या कार्यकर्त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

या तंत्राचा पाया १९७३ च्या सुमारास अमेरिकी संरक्षण खात्याच्या पॅकेट रेडिओ प्रकल्पात घातला गेला. सैन्यात सारी यंत्रे एकाच हुकमतीखाली असतात. मोर्चात मात्र शेजारचा फोन साथीचा की हेराचा, हे कोण सांगणार?

हाँगकाँगच्या २०१९ च्या आंदोलनात हजारोंनी ब्रिजफाय हे ब्लूटूथवर चालणारे ॲप वापरले. ऑगस्ट २०२० मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल होलोवे येथील संशोधकांनी दाखवून दिले, की त्यातील निरोप वाचता येत होते, दुसऱ्याच्या नावाने पाठविता येत होते, आणि कोण कोणाशी बोलतो हेही उमगत होते. कंपनीने पुढे सांकेतिक पद्धत बदलली. पण आंदोलक तोवर जोखीम पत्करून चुकले होते.

यावर सत्ताधाऱ्यांचे उत्तर ठरलेले: सुरक्षितता हवी तर चावी आमच्या हाती द्या. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने दहशतवादाचे कारण देऊन चौदा ॲपवर बंदी घातली. त्यात ब्रायर होते. ब्रायरची संहिता कोणीही तपासू शकतो. त्यात माणसे समोरासमोर भेटून परस्परांची ओळख पटवू शकतात, आणि निरोप अनोळखी फोनांच्या हाती पडत नाही. म्हणजे विश्वासाचा प्रश्न ज्याने गांभीर्याने घेतला, त्याच्यावरही कुऱ्हाड कोसळली!

म्हणून आपली भूमिका निःसंदिग्ध असावी. संपर्कबंदीला विरोध आणि बंदी उठविण्याची मागणी ही पहिली लढाई. दुसरी आपल्याच घरातील आहे: संहिता खुली असावी, प्रत्येक निरोपावर पडताळता येईल अशी सही असावी, आणि शाखेच्या बैठकीत कार्यकर्त्यांनी परस्परांच्या ओळखी आधीच पटवून ठेवाव्यात. निदर्शनाच्या आदल्या रात्री मिळेल ते ॲप फोनवर उतरवून घेणे, यास संघटना म्हणत नाहीत.