न केलेल्या नोकरीचा पगार

नागपंचमीला आमच्या थोरल्या जाऊबाई लातूरहून माहेरी नांदेडला आल्या, तशा आमच्याकडेही दोन दिवस राहिल्या. वडिलांच्या जमिनीच्या वाट्याचे पैसे त्यांनी मुदत ठेवीत ठेवले आहेत. बँकेनं व्याजातून कर कापला होता, तो परत मिळतो का, हे पाहायला भाच्यानं आयकर खात्याच्या संकेतस्थळावर त्यांचं वार्षिक माहिती विवरण उघडलं आणि आम्ही चाटच पडलो. उभ्या जन्मात नोकरी न केलेल्या जाऊबाईंना परराज्यातल्या कुठल्याशा कंपनीनं वर्षभरात दोन लाख सोळा हजार पगार दिला होता!

"पगार माझा, मग गेला कुठं गं?" जाऊबाईंना आधी हसू आलं, मग रडू.

असा खोटा पगार दाखवला की कंपनीचा खर्च फुगतो नि कर वाचतो. त्याला लागतो फक्त कुणाचा तरी पॅन क्रमांक. आठवू लागलो, तर जाऊबाईंनी झेरॉक्स किती ठिकाणी दिलेल्या! सिमकार्डाला, हप्त्यावरच्या शिलाई मशीनला, बचत गटाच्या कर्जाला. एकदा तर झेरॉक्स काळी आली म्हणून दुकानातच टाकून आल्या होत्या. नेमकी कुठून फुटली, देव जाणे.

हसण्यावारी नेऊ नका, मैत्रिणींनो. २०२० च्या जानेवारीत कल्याणजवळच्या आंबिवलीतल्या एका मजुराची बातमी आली होती. रोज तीनशे रुपये कमावणाऱ्या त्या माणसाला एक कोटी पाच लाखांच्या कराची नोटीस! नोटाबंदीच्या वेळी त्याच्या नावच्या खात्यात ५८ लाख भरले गेले होते. पॅन त्याचा, पण फोटो नि सही दुसऱ्याची, असं तो सांगत होता.

ओळखीचे एक करसल्लागार म्हणाले, "दाखवून टाका पगार, वहिनी, कर कुठं बसतोय?" मला ते मुळीच पटलं नाही. कर न बसो, पण आपल्या विवरणपत्रात लिहिलं की ते आपलंच म्हणणं झालं. पुढच्या वर्षी तोच पगार वीस लाख झाला तर? आम्ही फक्त व्याज दाखवलं. त्या विवरणातच प्रत्येक नोंदीपुढं अभिप्राय द्यायची सोय आहे. तिथं 'ही माहिती मला मान्य नाही' असं कळवलं. ते ज्यानं नोंद केली त्याच्याकडे विचारणेसाठी जातं, आणि त्यानं काय उत्तर दिलं हेही २०२४ पासून आपल्याला दिसतं. शिवाय सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली, पोच घेतली.

हे सगळं करताना आणखी एक गोष्ट कळली. संकेतस्थळावरच्या खात्याला मोबाइल नंबर जाऊबाईंचा नव्हताच! पूर्वी कधी तरी ज्या मुलानं खातं उघडून दिलं, त्याचाच होता. म्हणजे परवलीचा आकडा त्याच्याकडे जाणार. तुमचंही खातं असंच कुणी उघडून दिलं असेल तर नंबर आजच तपासा. ह्यांना सांगू, मग बघू, असं नको.

पॅनची झेरॉक्स देताना त्यावर आडवं लिहावं: कशासाठी, कुणाला, तारीख नि सही. आधार द्यायचंच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं झाकलेलं आधार काढता येतं, जिथं चालेल तिथं तेच द्यावं. झेरॉक्सवाल्याच्या फोनवर कार्डाचा फोटो पाठवला असेल तर छापून झाल्यावर समोर उभं राहून पुसून घ्यावा. त्याला राग आला तरी चालेल. आणि 'तुमचा परतावा मंजूर, इथे दाबा' असा संदेश आला तर दाबू नका. परतावा येतो तो आपण आधी पडताळून ठेवलेल्या बँक खात्यातच. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा.

कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा जाऊबाईंनी गंजगोलाईतून हप्त्यावर मिक्सर घेतला. झेरॉक्सवर 'फक्त मिक्सरसाठी' असं ठळक लिहिलेलं पाहून दुकानदार म्हणाला, "काकू, कार्ड खराब केलं की तुम्ही!"

"कार्ड घरी आहे," जाऊबाई म्हणाल्या.