जर्मनी, पण वेळेत

पदवीचं शेवटचं वर्ष संपत आलं की ‘जर्मनीला मास्टर्स करायचं’ हा विषय आमच्या अनेक वाचकांच्या घरी निघतो. निघतो तो उशिराच, असं आमचं मत. ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या सत्राच्या अर्जाची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलैला संपते, काही विद्यापीठांत त्याही आधी. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला, लागतं. ते हाती यायला वेळ जातो. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चापोटी ११,९०४ युरो आधीच भरायचे आणि मग दरमहा ९९२ काढायचे. सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नाही, हे खरं. पण बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. ‘फुकट शिक्षण’ विकणारे एजंट हे क्वचितच सांगतात.

म्हणून या अंकात प्रवेशाच्या यशोगाथा आम्ही मुद्दाम टाळल्या आहेत. भर आहे तो दीड वर्ष आधीपासूनच्या वेळापत्रकावर, कर्जाच्या हिशेबावर आणि भाषेवर. वर्ग इंग्रजीत असला तरी घरमालकाशी बोलायला जर्मन लागतंच. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात पहिली पातळी निघण्याआधीच उरकलेली बरी. तुमच्या घरी हा हिशेब कसा बसवला, कुठे अडलं, ते आम्हाला जरूर लिहा.