नाताळचा फराळ आणि गावची गाडी

डिसेंबर उजाडला, की मुंबईतल्या वांद्रे, माहीम, मालाडसारख्या वस्त्यांमधल्या गोवेकर ख्रिस्ती घरांत दोन गोष्टींची घाई सुरू होते. गावच्या गाडीचं तिकीट पक्कं झालं का, ही पहिली आणि फराळ केव्हा करायचा, ही दुसरी. दिवाळीच्या आधी करंज्या-चकल्यांमागे रात्री जागवणाऱ्या आमच्या वाचक भगिनींना ही धावपळ समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की दिवाळीचा फराळ बहुधा घरातच राहतो. नाताळचा फराळ मात्र बऱ्याच घरांतून रात्रभराचा प्रवास करून गावी जातो.

या फराळाच्या ताटाला गोव्यात ‘कोन्सुआद’ म्हणतात. नारळाच्या दुधातले कुलकुल, नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्या, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा गूळ आटवून केलेलं दोदोल, चण्याच्या डाळीचं दोस, रवा-खोबऱ्याची बोलिन्हं, पेरूचं पेराद आणि थराथराचं बिबिंक. हे ताट शेजारीपाजारी वाटायचं असतं. चतुर्थी-दिवाळीला हिंदू शेजाऱ्यांकडून आलेल्या ताटाची परतफेडही यातूनच होते. म्हणूनच ताट रिकामं दिसू नये, असं प्रत्येक गृहिणीला वाटतं.

पण पूर्वी हे सगळं करायला घरात चार जावा, दोन नणंदा आणि आठवडाभराची फुरसत असे. आज २२ तारखेपर्यंत ऑफिस करून २३ला गाडी पकडणारी सून हे सातही पदार्थ एकटीने कसे करणार? तरीही ती करते. रात्री एक वाजेपर्यंत तळण, पहाटे सामानाची बांधाबांध, स्टेशनवर मुलांवर चिडचिड, आणि गावी पोहोचल्यावर मध्यरात्रीच्या मिस्सेला डोळे मिटायला लागतात. सणासाठी पदार्थ झाले, पण सण तिच्या वाट्याला आला नाही. असं होऊ नये म्हणून फराळाची आखणी पदार्थांच्या यादीवरून न करता प्रवासावरून करावी.

तिकिटापासून सुरुवात करा. नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे २३ डिसेंबरच्या गाडीसाठी २४ ऑक्टोबरची सकाळ राखून ठेवायला हवी. तिकीट हाती आलं, की त्याच दिवशी गावी फोन करून कोण काय करणार ते ठरवून टाका.

आता पदार्थांचे तीन भाग पाडा. कोरडे, टिकाऊ पदार्थ आपण घरून करून न्यावेत. उदाहरणार्थ, कुलकुल आणि नेवऱ्या. ज्यांना खूप हात लागतात, ते गावी सगळे जमल्यावर करावेत. दोदोल तासन्‌तास ढवळावं लागतं. ते काम दिर, भावोजी, भाचे यांनी पाळीपाळीने केलं, तर गप्पांत होऊन जातं. तिसरा भाग विकत आणायचा. बिबिंकाचा एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही, म्हणून त्यात अर्धा दिवस जातो. २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे बिबिंक म्हापसा-मडगावच्या बाजारात मिळतं. ते विकत आणण्यात कमीपणा कसला?

घरून न्यायच्या कुलकुलांचं प्रमाण असं : मैदा अर्धा किलो, पिठीसाखर १०० ग्रॅम, पातळ केलेलं तूप ३ मोठे चमचे, चिमूटभर मीठ आणि नारळाचं घट्ट दूध साधारण १ वाटी. मैद्याला तूप चोळून साखर, मीठ घाला. दूध थोडं थोडं घालत पीठ घट्ट मळा आणि ओल्या कापडाखाली अर्धा तास ठेवा. बोराएवढी गोळी तेलाचा हात लावलेल्या काट्याच्या पाठीवर दाबून पसरा आणि गुंडाळी करा. शंखासारखा आकार येतो. मध्यम आचेवर, थोडे थोडे घालून बदामी रंगावर तळा. आच मोठी झाली तर आतून कच्चे राहतात आणि लवकर मऊ पडतात. प्रवासात न्यायचे असतील तर वरून पाक चढवू नका. एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो.

नेवऱ्यांत ओलं खोबरं घातलं, तर दोन दिवसांत वास येऊ लागतो. सुकं खोबरं, तीळ, खसखस सगळं भाजून घ्या आणि गार झाल्यावरच पिठीसाखर, वेलची मिसळा. तळलेले पदार्थ पूर्ण निवल्याशिवाय डबा बंद करू नका. आतली वाफ सगळा खुसखुशीतपणा घालवते. डब्यात खाली कागद घालून नेवऱ्या आडव्या रचा आणि मधल्या फटींत कुलकुल भरा, म्हणजे गाडीच्या धक्क्यांनी कडा मोडत नाहीत. मुलांसाठी थोडे कुलकुल वेगळ्या छोट्या डब्यात वर ठेवा, नाहीतर मोठा डबा पनवेल येण्याआधीच उघडला जाईल.

प्रवासाच्या आदल्या रात्री तळणाची कढई चुलीवर ठेवायची नाही, एवढा नियम मात्र कटाक्षाने पाळा. फराळ तीन-चार दिवस आधी, सुट्टीच्या दुपारी उरकून घ्या. कुलकुल वळायला पतीला आणि मुलांना बसवा. त्यांचे शंख वाकडेतिकडे होतील, पण चवीत फरक पडत नाही. उलट, “हा मी केला” म्हणून तोच शंख मुलं आजीला आधी दाखवतील.

एक विनंती गावच्या सासूबाईंना, जावांना. मुंबईहून येणाऱ्या सुनेच्या डब्यात यंदा दोनच पदार्थ निघाले, तर “बाकीचं काय झालं?” असं विचारू नका. तिला आधी गरम चहा द्या, दोन तास झोपू द्या. संध्याकाळी ती आपण होऊन दोदोलाचा कालथा हातात घेईल. शेजारी जाणाऱ्या ताटात तिचे कुलकुल, तुमचं दोदोल आणि बाजारचं बिबिंक शेजारी शेजारी असलं, तर घेणाऱ्याला ते ताट भरलेलंच दिसणार आहे.