खेळाच्या कथा खऱ्या सांगाव्या

ज्या ज्या विद्यालयांत वा महाविद्यालयांत फुटबॉलचा संघ आहे, तेथें कपाटांतील ढालींबरोबर कथांचाही सांठा असतो. कोणी चिखलांतून धांवत जाऊन अखेरच्या क्षणीं गोल केला, कोणी दुखऱ्या पायास पट्टी बांधून सामना संपविला, अशा गोष्टी जुने विद्यार्थी नव्यांस मोठ्या प्रेमानें सांगतात. हा वारसा आम्हांसही प्रिय आहे. परंतु कथा जितकी प्रिय, तितकी ती खरी राखण्याची जबाबदारी अधिक, असें आमचें मत आहे.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास मोहनबागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरा अनवाणी वीरांनीं बूटवाल्या गोऱ्यांस नमविलें, असें आपण ऐकतों. वास्तविक अनवाणी होते ते दहा. अकरावे सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळले. ते भवानीपूर येथील लंडन मिशनरी सोसायटीच्या महाविद्यालयांत शिक्षक होते. कथा गोंडस व्हावी म्हणून त्यांचे बूट गाळण्यांत येतात.

बुटांची एक जोडी गाळल्यानें काय बिघडलें, असें कोणी विचारील. बिघडलें तें हें कीं, अनवाणी पाय हेंच आपलें बळ, असा समज रूढ झाला. १९५० च्या विश्वचषकास आपला संघ गेला नाहीं, तो बूट सक्तीचे होते म्हणून, असें अजून सांगितलें जातें. खरें पाहतां न जाण्याचा निर्णय आपल्याच महासंघानें घेतला, आणि संघनिवड व सरावास अपुरा वेळ हीं कारणें दिलीं. पुढें १९५२ सालीं हेलसिंकी येथें थंडींत बहुतेक अनवाणी खेळलेल्या आपल्या संघास युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव पत्करावा लागला. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनीं, १९५६ सालीं, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारत चौथा आला. गोव्यांत जन्मलेल्या व मुंबईंत खेळलेल्या नेव्हिल डिसोझा यांनीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. पराभवाची गोष्ट लपविली, तर या विजयाचें मूळ कोणास कळणार?

खेळानें अभ्यास बुडतो, अशी चिंता करणाऱ्या पालकांस एक खरी कथा सांगतों. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें भारताचे कर्णधार तालिमेरेन आओ हे एका नागा ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे पुत्र. मुलानें डॉक्टर व्हावें ही पित्याची इच्छा होती. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजांत व नंतर कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयांत ते शिकले, खेळले, आणि डॉक्टर होऊन आपल्या प्रदेशांत रुग्णसेवेस लागले. इंग्लंडांतील मोठ्या संघानें त्यांस बोलाविल्याची कथा लोक रंगवून सांगतात. ती वगळली तरी त्यांच्या थोरवीस उणेपणा येत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या संघाची एक वही ठेवा. तींत तारीख, प्रतिस्पर्धी, अकराही नांवें आणि राखीव खेळाडूही लिहा. जय जितक्या ठळक अक्षरांत, तितक्याच ठळक अक्षरांत पराजय लिहा. मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली व शंभरांहून अधिक वर्षें चालून बंद पडली. कूपरेजवर तिचे सामने पाहिलेले आजोबा पनवेलच्या एखाद्या घरीं असतील, त्यांस आजच विचारा. जवळच नेरूळ येथें २०२२ सालीं सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तो पाहिलेल्या भगिनींनींही आपली आठवण लिहावी. पालकांनीं या कामीं मुलांस साह्य करावें, एवढीच आमची विनंती आहे.