गादीच्या खणातले फोटो

दिवाळीपूर्वीची आवराआवर दुकानात सुरू झाली की गादीशेजारचा खण सर्वांत शेवटी उघडला जातो. त्यात काय आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणूनच त्याला कोणी हात लावत नाही. झिजलेले रबरी शिक्के, वजनमापे तपासल्याची जुनी प्रमाणपत्रे, एका बाजूची कडी तुटलेला चष्मा, बंद पडलेली दोन गणकयंत्रे आणि चामडी पाकिटातले तळहाताएवढे एक काळपट यंत्र. रत्नागिरीच्या रामआळीतले असे एखादे घाऊक किराणा दुकान डोळ्यांसमोर आणावे. मोटाभाई साठीच्या पुढचे, त्यांच्या मातुःश्री बा पंच्याऐंशीच्या घरात, आणि दुकानाचे संगणकीय हिशेब सांभाळणारी सून. सुनेने पाकीट उघडले, आतली बारीक लेखणी ओढून काढली आणि विचारले, ‘‘पप्पा, हे भंगारात द्यायचे ना?’’

मोटाभाई नको म्हणाले. त्यांनी ते यंत्र हातात घेतले, बाजूची कळ दाबली. पडदा काळाच राहिला. ‘‘यात बापूजींचा गादीवरचा फोटो आहे,’’ ते म्हणाले.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी व्यापारी वर्गात या यंत्रांचे मोठे अप्रूप होते. आधी आल्या त्या कॅसिओसारख्या डिजिटल डायऱ्या. त्यांत दूरध्वनी क्रमांक, भेटीगाठी, उधारीच्या तारखा एवढेच मावे. १९९६ साली अमेरिकेत पाम कंपनीचा ‘पायलट’ बाजारात आला आणि खिशातल्या वहीची जागा पडद्यावर लेखणीने लिहिण्याच्या यंत्राने घेतली. मुंबईला खरेदीस गेलेला व्यापारी हीरा पन्नात किंवा लॅमिंग्टन रोडवर एखादे यंत्र घेई आणि कोकण रेल्वेच्या प्रवासात शेजारच्या उतारूला ते दाखवत रत्नागिरीपर्यंत येई. देवनागरीची सोय त्यात मुळात नव्हती. त्यामुळे आंबा बागायतदारांची, दलालांची, वाहतूकदारांची नावे रोमन लिपीत नोंदवली जात, आणि एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिले गेल्यामुळे शोधताना सापडत नसे. दोन यंत्रे समोरासमोर धरली की अवरक्त किरणांनी एकाचे व्यवसायपत्र दुसऱ्यात जाई. दोन गृहस्थ आपापली यंत्रे पुढे करून निश्चल उभे आहेत, हे दृश्य त्या काळी लग्नमंडपातही दिसे.

बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी घडवलेला ‘सिम्प्युटर’ही याच कुळातला. सामान्य भारतीयाला परवडावा या हेतूने त्याची आखणी झाली आणि २००४ मध्ये ‘अमिदा’ या नावाने तो विक्रीस आला. यंत्र हातात तिरपे करताच ते त्याला कळे, ही त्याची करामत पुढे प्रत्येक मोबाइल संचात आली. विक्री मात्र अपेक्षेएवढी झाली नाही.

या यंत्रांवर छायाचित्रे पाहता येऊ लागली ती रंगीत पडद्यानंतर. २००० साली पामचा पहिला रंगीत संच आला. सोनीने ‘क्लिए’ नावाची अधिक रेखीव यंत्रे काढली. २००३ च्या ‘झायर ७१’ मध्ये तर कॅमेराच आत बसवलेला होता, मागचे आवरण सरकवले की भिंग उघडे पडे. तोवर घरातले फोटो छत्तीसच्या रोलवर निघत, स्टुडिओत धुऊन येत आणि प्लास्टिकच्या पानांच्या अल्बममध्ये जात. अल्बम कपाटात असे. तो पाहायचा तर पाहुणे घरी यावे लागत. आता नातवाचा फोटो सदऱ्याच्या खिशात आला. पेढीवर आलेल्या ग्राहकाला, गाडीतल्या सहप्रवाशाला, उपाश्रयाच्या पायरीवर भेटलेल्या व्याह्यांना तो दाखवता येऊ लागला. परदेशी शिकायला गेलेल्या मुलाच्या पदवीदानाचे चित्र बांनी पहिल्यांदा पाहिले ते अशाच चौकोनी पडद्यावर, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून.

त्या चौकोनात किती मावत होते याचा हिशेब व्यापारी मनाला पटकन उमगेल. सुरुवातीच्या पामच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १६० ठिपके असत. म्हणजे एकूण २५,६००. त्या काळच्या साध्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्रात १६०० गुणिले १२००, म्हणजे १९ लाख २० हजार ठिपके असत. पडद्यावर दिसे तो मूळ मालाचा पंचाहत्तरावा हिस्सा. संगणकातून यंत्रात फोटो पाठवताना सोबतची प्रणाली तो मुद्दाम आटवून लहान करी, कारण यंत्रात जागाही तुटपुंजी होती. पडदा इतका लहान की चेहरा तेवढ्यातही ओळखू येई, आणि पाहणारा समाधान पावे. खिशात आहे तो फोटो नसून फोटोचा नमुना आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आले. तांदळाचा नमुना पुडीत आहे म्हणून कोणी गोदामातली पोती सोडून देत नाही. इथे मात्र नेमके तेच घडले. मूळ चित्रे संगणकात राहिली आणि संगणक जुना झाल्यावर भंगारवाल्याकडे गेला.

मोटाभाईंच्या दुकानातला संगणकही असाच गेला. जाण्यापूर्वी हिशेबनिसाने त्यातला टॅलीचा सगळा विदा दोन चकत्यांवर उतरवून घेतला होता. त्या आजही कपाटात वर्षांची चिठ्ठी लावून ठेवलेल्या आहेत. हिशेबाचा बॅकअप रोज संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी होत असे, त्यात कधी खंड पडला नाही. फोटोंचा बॅकअप घ्यायचा असतो हे कोणाच्या मनातही आले नाही. हा दोष एका घराचा नाही. बहुतेक पेढ्यांवर हेच आढळेल. मालमत्ता म्हणजे ज्याची नोंद वहीत होते ती, ही पिढ्यांची सवय आहे.

सुनेने यंत्र घरी नेले. जोडणीची तार सापडली तीही त्याच खणात, सुतळीत गुंडाळलेली. विजेला लावण्याआधी तिने मागची बाजू हाताने चाचपून पाहिली, हे उत्तम केले. या यंत्रांतली लिथियमची बॅटरी वर्षानुवर्षे पडून राहिली की फुगते, आवरणाला फट पडते. अशा बॅटरीला वीज देणे अथवा टोचून, दाबून काढू पाहणे धोक्याचे असते. इथे फट नव्हती. अर्ध्या तासाने पडदा उजळला आणि यंत्राने, जणू आजच कारखान्यातून आले असावे तसे, लेखणीने खुणेवर टेकवून पडदा जुळवून घ्या, असे सांगितले. मग तारीख विचारली. आत काहीही नव्हते. एकही नाव नाही, एकही उधारी नाही, एकही चित्र नाही.

त्याचे कारण या यंत्रांच्या रचनेत आहे. त्या काळातील पामच्या यंत्रांत वापरणाऱ्याची सारी माहिती अशा स्मृतीत राही की जिला सतत विजेचा थेंब थेंब आधार लागे. बॅटरी पूर्ण संपली की स्मृती पुसली जाई. लहान सेलवर चालणाऱ्या आरंभीच्या यंत्रांत सेल बदलायला जेमतेम मिनिटभराची सवलत असे. वीज गेली तरी टिकणारी स्मृती पामने २००४ च्या अखेरीस ‘टंगस्टन टी ५’ मध्ये आणली, तोवर असंख्य यंत्रे खणांत जाऊन पडली होती. पेटीत बंद करून ठेवलेली वस्तू सुरक्षित असते, ही आपली साधी समजूत. या वस्तूचे मात्र खणात ठेवणे हेच पुसणे होते. कोणाच्या घरी असे यंत्र असेल आणि ते अजून अधूनमधून चालू होत असेल, तर आतली चित्रे आजच बाहेर काढावीत.

मोटाभाई काही बोलले नाहीत. बापूजी २००६ च्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या दोन वर्षांत ते गादीवर दुपारी तासभर येऊन बसत, आणि त्यातल्या एका दुपारी मोटाभाईंनी यंत्राचे आवरण सरकवून त्यांचा फोटो घेतला होता. पांढरी टोपी, पुढ्यात उघडी वही, मागे लाकडी कपाटाची काच. पुढे दुकानाचे नूतनीकरण झाले, कपाट गेले, गादीच्या जागी टेबल-खुर्ची आली. गादी म्हणायची सवय तेवढी राहिली.

यंत्राच्या माथ्यावर एक फट असते आणि तिच्यात टपाल तिकिटाएवढे कार्ड बसते, हे त्यांच्या ध्यानातच नव्हते. सुनेने नखाने दाबताच कार्ड टचकन वर आले. अशी एसडी कार्डे १९९९ पासून प्रचारात आहेत; त्यांना टिकून राहायला विजेचा आधार लागत नाही, आणि आजच्या संगणकालाही स्वस्तातल्या कार्ड रीडरमधून ती वाचता येतात. सोनीच्या क्लिएमधली ‘मेमरी स्टिक’ मात्र निराळ्या आकाराची. तिच्यासाठी रीडर शोधून घ्यावा लागतो. कार्डही अमर नव्हे. न वापरता दीर्घकाळ पडून राहिले की त्यातील भार हळूहळू ओसरतो, आणि रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत धातूच्या पट्ट्यांवर गंज धरायला वेळ लागत नाही. सुनेने पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसल्या, कार्डावर काहीही नवे लिहिले जाऊ नये म्हणून त्याची बाजूची खिट्टी बंद स्थितीत सरकवली, आणि आधी सगळ्याची नक्कल करून घेऊन मगच एकेक चित्र उघडले.

एकतीस चित्रे निघाली. गणपतीपुळ्याची सहल, भाट्याच्या किनाऱ्यावर भिजलेली मुले, कोणाच्या तरी पारण्याचा समारंभ, हापूसच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो. काहींवरची तारीख यंत्राचे घड्याळ बिघडल्यामुळे उघडच चुकीची होती. मुलाच्या दुधाच्या पडलेल्या दातावरून साल ठरवावे लागले. बापूजींचा गादीवरचा फोटो त्यांत नव्हता. चित्र कार्डावर ठेवायचे की यंत्राच्या आत, हे त्या वेळी ज्याचे त्याने ठरवायचे होते, आणि सर्वांत जवळचा म्हणून मोटाभाईंनी तो आत ठेवला होता.

रत्नागिरीत या हानीचे मोल वेगळे सांगायला नको. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली या गावी आणला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. त्याची आणि राणी सुपयालत हिची एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रे आजही पुस्तकांत पाहता येतात. कागदावरच्या चित्राला शंभर-सव्वाशे वर्षे पार करता आली, वीस वर्षांपूर्वीचे यंत्रातले चित्र मात्र नाहीसे झाले. अर्थात कागदाचे सारेच गोडवे गाण्यात अर्थ नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा वह्यांबरोबर कित्येक घरांचे अल्बमही चिखलात गेले. भिजलेला फोटो वेळीच, स्वच्छ पाण्यात हलकेच धुऊन, एकमेकांना न चिकटवता सावलीत वाळवला तर पुष्कळदा वाचतो. चिकटून वाळला की सोडवताना चित्रच निघून येते. म्हणून दोन्ही हवे: कागदही आणि नक्कलही, आणि ती नक्कल एक रत्नागिरीत तर दुसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीच्या घरी. व्यापारी सगळा माल एका गोदामात ठेवत नाही.

एकतीसपैकी बारा चित्रे मोटाभाईंनी निवडली. सगळी का नाहीत, असे नातवाने विचारले. त्याच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत आणि त्यातला एकही त्याने दुसऱ्यांदा पाहिलेला नाही. स्टुडिओवाल्याने आधीच सांगितले की यांतली कॅमेऱ्याने थेट घेतलेली चित्रे ६४० गुणिले ४८० ठिपक्यांची आहेत. अगदी नीट छापायची तर दोन इंचांहून थोडी मोठी होतील, पोस्टकार्डाएवढी केली तर किंचित धूसर दिसतील. मोटाभाईंनी पोस्टकार्डाएवढीच करायला सांगितली. बांना बारीक दिसत नाही.

संध्याकाळी फोटो बांच्या मांडीवर ठेवले. त्या एकेक उचलून उजेडाकडे धरू लागल्या. टेम्पोच्या चित्रावर त्या थांबल्या. पेट्यांच्या आडून एक माणूस अर्धा दिसत होता, खांद्यावर पंचा, एक हात फळीवर. मोटाभाईंनी तो कधी पाहिलाच नव्हता. लहान पडद्यावर तो पेट्यांच्या सावलीत विरून गेला होता. बांनी त्याचे नाव सांगितले. तो राजापूरकडचा, बापूजींनी दुकान थाटले त्या वर्षापासूनचा हमाल. त्याच्या मुलीच्या लग्नात त्या स्वतः गेल्या होत्या आणि होडीने खाडी ओलांडताना साडी भिजली होती. बापूजी त्याला कधी एकेरी हाक मारत नसत.

‘‘पाठीमागे लिही,’’ बा सुनेला म्हणाल्या.

नव्या कागदाच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटेना. सुनेने एक पाकीट घेतले, त्यावर नाव, गाव आणि साल लिहिले, फोटो आत घातला आणि पुढचा फोटो बांच्या हातात दिला.