पिन काढली तरी...

भाऊबीजेला धाराशिवला बहीण आली. भाच्याने गिटारचा जुना, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर माळ्यावरून काढला. व्हॉल्व्ह तांबूस उजळले. पण तार छेडण्याआधीच पेटारा घुमू लागला! आवाज शून्यावर नेला, गिटारही सोडवली, तरी घूं चालूच. म्हणजे दोष गिटारीचा नव्हे. वीज गाळणारा कंडेन्सर बहुधा वाळलेला.

पठ्ठ्या आत हात घालू लागला. मी ओरडलो, “थांब!”

“मामा, पिन काढलीय की!”

वाचकहो, पिन काढली तरी त्या कंडेन्सरात ३००-४०० व्होल्ट दबा धरून बसू शकतात. आधी रेझिस्टन्समधून ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची, मगच डाग.

नवा कंडेन्सर बसला, घूं थांबली, गिटार वाजली. भाच्याची दहाही बोटे तारांवर फिरताना पाहिली. माझी दिवाळी झाली.