न पेरता उगवलेले

गृहसंस्थेच्या आवारात किंवा गच्चीवर सर्वांनी मिळून फुलवलेली बाग आता शहरांत नवलाईची राहिलेली नाही. कोणी पाणी घालण्याचे वार वाटून घेतो, कोणी रोपे आणतो, कोणी स्वयंपाकघरातील ओला कचरा खताच्या खड्ड्यात नेऊन टाकतो. प्रारंभी उत्साह अमाप असतो. पुढे मात्र बहुतेक बागांत एकच प्रश्न डोके वर काढतो : हे कोणाचे? ज्याने लिंबाचे रोप आणले त्याचीच लिंबे, असा हक्क सांगितला जाऊ लागतो. मग वाफ्यांवर नावांच्या पाट्या येतात आणि सामाईक बागेची खासगी बागांची चाळ होऊन बसते.

या प्रश्नाचे उत्तर देणारे झाड बहुधा कोणीच लावलेले नसते. अर्धवट कुजलेले खत वाफ्यात पसरले की पहिल्या पावसानंतर त्यातून टोमॅटोची, भोपळ्याची, पपईची रोपे आपसूक वर येतात. बी कोणाच्या घरचे, पाणी कोणाच्या हातचे, याचा हिशेब कोणालाच मांडता येत नाही. पपईची तर आणखी गंमत आहे. बियांपासून आलेले झाड नर निघेल की मादी, हे फुले येईपर्यंत कळत नाही. नराची फुले लांब देठांवर झुपक्यांनी लोंबतात आणि त्याला सहसा फळ धरत नाही. म्हणजे कित्येक महिने सर्वांनी सारखेच पाणी घालायचे आणि सारखीच वाट पाहायची. अशा झाडाच्या पहिल्या पपईच्या फोडी घरोघरी जातात, तेव्हा देणाऱ्याला उपकार केल्यासारखे वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही संकोच होत नाही.

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून थोड्या जागेत, पालापाचोळ्यातून घडवलेल्या मातीत आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर भरघोस पीक घेण्याचा मार्ग दाखवला. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांच्या ग्रंथाचे नावच पुरेसे बोलके आहे. मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर या शतकाच्या आरंभी तेथील कर्मचाऱ्यांनी याच पद्धतीने बाग उभी केली. उपाहारगृहातील ओला कचरा हेच तिचे खत झाले. तेथे वाफ्याची मालकी कोणा एकाकडे नव्हती, ही गोष्ट शेतीच्या तंत्राइतकीच ध्यानात घेण्याजोगी आहे.

सामाईक बागेचा दुसरा शत्रू म्हणजे अतिरेकी नीटनेटकेपणा. ‘हे आपण लावलेले नाही’ एवढ्याच कारणावरून खुरपे चालवले जाते. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली की फवारा हाती घेतला जातो. ती अळी ‘राणी पाकोळी’ची असू शकते, हे अनेकांच्या गावी नसते. याच फुलपाखराला महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे ते देशातील पहिले राज्य. कोवळे रोप असेल तर अळ्यांकडे लक्ष ठेवावे लागते, हे खरे. पण वाढलेले झाड चार पाने गमावून मरत नाही. शिंजीर पक्ष्याने कोळिष्टकांनी विणलेले लोंबते घरटे एखाद्या फांदीला बांधले, तर महिनाभर त्या कोपऱ्यात पाण्याची नळी न फिरवता झारीने बुंध्याशी पाणी घालावे लागते. एवढी गैरसोय सोसण्याची तयारी नसेल, तर कुंड्यांत प्लास्टिकची फुले ठेवलेली बरी.

तणांची गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे. पावसाळ्यात वाफ्यांच्या कडेला घोळ, टाकळा, कुर्डू उगवतात. शहरी सभासदाला ते सारे सरसकट गवत वाटते. त्याच इमारतीत धुणीभांडी करायला येणाऱ्या किंवा जिने झाडणाऱ्या बाईला मात्र टाकळ्याची कोवळी पाने कधी खुडावीत, घोळीची भाजी कशी करावी, कोणत्या पाल्याला हात लावू नये, हे लहानपणापासून ठाऊक असते. हे ज्ञान पुस्तकातील चित्रावरून येत नाही, आणि जाणत्या माणसाने ओळख पटवल्याखेरीज रानातला पाला चुलीवर चढवणे धोक्याचेही आहे. म्हणजे बागेत न मागता आलेल्या या भाज्यांची खरी जाणकार तीच. तिने निवडून दिलेल्या घोळीची भाजी सभासदांच्या ताटात पडते आणि तिचे कौतुकही होते. पाणी घालण्याच्या पाळ्यांचा तक्ता आणि फळांच्या वाटणीची यादी जिन्याखालच्या फलकावर लावलेली असते. तो फलक रोज पुसणाऱ्या त्या बाईचे नाव त्या यादीत क्वचितच आढळते.